उतारा

डॅन्यूबवरच्या बोटीत माझ्या छातीवर बिल्ला होता: कल.
आख्खा कल्लाप्पा तेवढ्या पितळेत मावत नव्हता.
सात महिने मी मोजत आलो
सकाळी किती उतारू खाली उतरले,
संध्याकाळी किती परत चढले.
एक जरी कमी भरला, तरी दोर सोडायचा नाही.

कार्यक्रमपत्रिकेत छापलेलं असायचं,
'दुपारी: स्थानिक लोकांच्या घरी चहा.'
मी छत्र्या घेऊन मागून चालायचो.
मार्गिटबाईच्या अंगणात चौदा खुर्च्या, चौदा कप,
आणि पाहुणे विचारायचे,
कोंबड्यांचा फोटो काढू? भिंतीचा?
भिंतीवरच्या नवऱ्याच्या फोटोचा?
ती हो म्हणायची.
हो म्हणायचे तिला पैसे मिळायचे,
जसे मला छत्र्यांचे.

एकदा ऊन होतं. माझे हात रिकामे दिसले तिला.
आतून तिपाई आणली, पंधरावी,
आणि भुवयांनीच विचारलं, तू कुठला?
मी टेबलावर सांडलेल्या चहानं नदी काढली,
नदीला एक आडवी रेघ.
रेघेच्या कुठल्या अंगाला बोट ठेवायचं
हे ठरेपर्यंत
चहा वाळला.

रजेचा अकरावा दिवस.
काका म्हणाला, "चिकोडीस्नं उतारा काढून आणलाय.
कन्नडात हाय. पल्याड जाऊन
कुणाकडनं तरी वाचून आण जा."

पूल तीन वर्षं झाली, अर्धाच उभा आहे,
म्हणून सिद्धाप्पा अंबीची काहील.
गुळाची. बूड जळून काळं झालेलं.
गुऱ्हाळ थांबलं की तिला कृष्णेत काम.
"मधी बस. हलू नको.
बोटीवर काम करून लागलाईस न्हवं?
मग कडा कशाला धरलाईस एवढी?"
काहिलीला नाक नसतं, पाठ नसते.
ती गोल फिरत फिरतच पुढे जाते,
त्यामुळे आपला काठ कुठला
हे मध्यावर मला दोनदा चुकलं.

गंगव्वाच्या ओट्यावर जोंधळे वाळत होते.
"ऊटा आतेनु?" हे तिनं आधी विचारलं.
कागद कसला, कुणाचा, ते जेवणानंतर.
एण्णेगाई, भाकरी, शेंगांची चटणी.
सवयीनं मी सगळ्यांची ताटं गोळा करायला लागलो
तर तिनं माझ्या मनगटावर चापट मारली.
पोरं हसली.
मला कळेना, हात कुठे ठेवावेत.

नात सहना, नववीत.
तिनं कागद उजेडाला धरला
आणि शाळेत धडा वाचतात तसा वाचला,
सर्वे नंबर, दोन एकर अकरा गुंठे,
पूर्वेला कोण, पश्चिमेला नदी,
मग माझ्या पणजोबाचं नाव: दुंडप्पा.

घरात आम्ही धोंडिबा म्हणतो.

गंगव्वाला हे सांगितलं, अर्धं हातवाऱ्यांनी.
ती म्हणाली, दुंड म्हणजे गोल.
आणि धोंडा म्हणजे कल्लू, तुझ्या नावातला.
नदीत राहिला की होतोच की गोल.
मग जोंधळ्यांकडे आलेल्या कोंबडीला
तिनं शिवी घातली, ती मात्र मराठीत.

कागदाची घडी घालताना मी सहनाला विचारलं,
तुमच्यात ह्याला काय म्हणतात?
"उतार."
आमच्यात उतारा.
तिनं वहीच्या मागच्या पानावर
माझ्या लिपीत तो शब्द लिहून बघितला,
शेवटच्या कान्यापाशी थांबली,
आणि दिला एकदाचा. जरा वाकडा.

दिवेलागणीला सिद्धाप्पा ओरडला,
"आनि कोन यायचं हाय काय?"
मी मागे वळून मोजायला लागलो.
काठावर गंगव्वा, सहना, एक कुत्रं.
काहिलीत मी, घडी घातलेले दोन एकर अकरा गुंठे,
चटणीची पुडी, कोमट.

आकडा जुळत नव्हता.

"सोडू काय?" तो म्हणाला.
"थांब," मी म्हणालो, "थांब जरा."